गणिताचा संशोधक-विद्यार्थी आणि त्याचे घर
(वार्षिक संमेलनाच्या प्रसंगी कोल्हापूर येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्याख्यानासाठी चालकांनी आम्हांस पाचारण केले आणि विषयाची निवडही आमच्यावरच सोपविली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. अशा प्रसंगी वक्त्याने चारित्र्य, काटकसर आणि संघटना यांविषयी चार हिताच्या गोष्टी सांगाव्यात असा परिपाठ आहे, आणि तो वाईट नाही. परंतु आज आम्ही जरा आडवाटेचा विषय घेतला आहे. गणितात पीएच.डी. करणारा विद्यार्थी कोणत्या घरातून येतो, काय शिकून येतो आणि तो नेमके शोधतो तरी काय, हा तो विषय होय. भोजनाची वेळ जवळ आली असता गणिताचे नाव काढणे हे धाडसच आहे. तथापि या व्याख्यानात एकही समीकरण येणार नाही, असे अभिवचन आम्ही प्रारंभीच देऊन ठेवतो.

हा विषय घेण्यास कारण घडले. आपल्या शिष्यवृत्ती फंडाकडे यंदा जे अर्ज आले, त्यांत एक अर्ज शुद्ध गणितात संशोधन करू इच्छिणाऱ्या मुलीचा आहे. बाकीचे अर्ज वैद्यकी, स्थापत्य, संगणक, हिशेबनिसी अशा ओळखीच्या वाटांचे आहेत. या एका अर्जावर मंडळात दोन मते पडली. एक मत असे की, फंडातील पै न् पै सभासदांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेली आहे. ती ज्या शिक्षणाने घर उभे राहील त्यासच लागावी. दुसरे मत असे की, विद्येत अशी निवड करण्याचा अधिकार आपणांस नाही. पहिले मत मांडणाऱ्यांविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे, कारण पैशाची चिंता वाहणारा माणूस कठोर बोलतो तो सर्वांच्या वतीने बोलतो. परंतु त्या चर्चेत दोन प्रश्न निघाले, ते आमच्या मनातून जाईनात. पहिला प्रश्न, “गणितात आता शोधायचे राहिले आहे काय?” आणि दुसरा, “मुलगी आहे; लग्न झाल्यावर या अभ्यासाचे काय होणार?” या दोन्ही प्रश्नांची उत्तरे उपदेशाने न देता उदाहरणांनी द्यावीत असे आम्ही योजिले, आणि उदाहरणे शोधण्यास फार दूर जावे लागले नाही. ती आपल्या करवीरनगरीशी नाते सांगणाऱ्या एका कुटुंबातच सापडली. या कुटुंबाची निवड आम्ही ज्ञाती पाहून केलेली नाही, गाव पाहून केलेली आहे, हे येथेच नमूद करतो.

विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. घरात शास्त्राध्ययनाची परंपरा होती. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली ते बी.एस्सी. झाले आणि पुढील अध्ययनासाठी केंब्रिजला गेले. तेथील गणिताची ट्रायपॉस परीक्षा त्यांनी १९३० साली विशेष प्रावीण्याने पार केली. आयझॅक न्यूटन विद्यार्थिवृत्ती आणि रॅले पारितोषिक हे दोन मोठे मान मिळविले. सापेक्षतावादाचे थोर भाष्यकार एडिंग्टन यांच्या सान्निध्यात त्यांना काम करता आले. आणखी काही वर्षे परदेशात राहिले असते तर कीर्ती वाढली असती. परंतु पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्यांना काशी हिंदू विश्वविद्यालयात बोलाविले, आणि १९३२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते तेथे गणित विभागाचे प्रमुख झाले. त्या काळी आपल्या देशात सापेक्षतावादाचे गणित जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. काशीत त्यांनी त्या विषयाची एक शाळाच उभी केली.

त्या शाळेतील एका विद्यार्थ्याची हकीकत येथे सांगितली पाहिजे. प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती गृहस्थ १९४२ साली काशीस नारळीकरांकडे संशोधनासाठी आले. पदरी लहान मूल, हाती शिष्यवृत्ती नाही. गाठीला बांधलेल्या शिलकीवर काही महिने काढायचे, असा तो संसार होता. त्या अवधीत त्यांनी जो प्रश्न हाती घेतला तो असा. ताऱ्याभोवती गुरुत्वाकर्षणाचे रूप कसे असते याचे उत्तर श्वार्त्सशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १९१६ साली काढलेले होते. परंतु त्यात तारा हा जणू विझलेला, प्रकाश न टाकणारा गोळा धरलेला होता. खरा तारा तर सतत प्रकाश ओतीत असतो आणि त्यामुळे त्याचे वस्तुमान हळूहळू घटत असते. अशा तेजस्वी ताऱ्याभोवतीचे गणित काय? वैद्यांनी ते काढले आणि १९४३ साली ते प्रसिद्ध झाले. आज जगभर ते ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने शिकविले जाते. साठीच्या दशकात आकाशात अतितेजस्वी क्वेसार सापडले, तेव्हा या जुन्या उत्तराकडे ज्योतिर्विदांचे लक्ष नव्याने वळले. गणितात शोधायचे राहिले आहे काय, या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे मिळते. मागच्याने सोयीसाठी जे गृहीत धरले तेथे बोट ठेवून, “हे गृहीत काढून टाकले तर?” असे विचारणारा जोवर आहे, तोवर गणितात शोधायचे राहिलेलेच आहे.

आता घराकडे वळू. प्राध्यापक नारळीकरांच्या पत्नी सुमतीबाई या माहेरच्या हुजूरबाजार. त्या संस्कृतच्या विदुषी होत्या. त्यांचे बंधू वसंत शंकर हुजूरबाजार हेही कोल्हापूरचेच. जन्म १९१९ चा. त्यांनी केंब्रिजमध्ये हॅरॉल्ड जेफ्रीझ यांच्या हाताखाली संख्याशास्त्रात संशोधन केले आणि १९४९ साली पीएच.डी. मिळविली. त्यांचा विषय समजावून घेण्यास आपल्या गुळाच्या बाजारात जावे. हजारो रव्यांचा माल आलेला असतो. व्यापारी प्रत्येक रवा फोडून पाहत नाही. चार-सहा रव्यांना टोचा मारतो आणि सगळ्या मालाचा भाव ठरवितो. थोड्यावरून सगळ्याचा अंदाज बांधायचा, हे व्यवहारातले ज्ञान झाले. परंतु त्या अंदाजावर विश्वास किती ठेवावा? नमुना वाढवीत गेलो तर अंदाज सत्याच्या जवळ खात्रीने जातो काय? आणि एकाच नमुन्यावरून दोन निरनिराळे अंदाज निघाले तर खरा कोणता? रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने अंदाजाची एक रीत घालून दिली होती. जे मूल्य मानले असता हाती आलेला नमुना येण्याचा संभव सर्वांत अधिक, ते मूल्य स्वीकारावे, अशी ती रीत. या रीतीने निघालेली, सत्याकडे जाणारी उकल नमुना मोठा होत गेला म्हणजे खरोखरच महत्तम संभवाची असते आणि तशी उकल एकच असते, हे हुजूरबाजारांनी १९४८ सालच्या निबंधात दाखवून दिले. पुढे ते पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभागाचे संस्थापक-प्रमुख झाले. १९६० साली त्यांना केंब्रिजचे अ‍ॅडम्स पारितोषिक आणि १९७४ साली पद्मभूषण मिळाले. औषधाची चाचणी असो, पिकांचा अंदाज असो वा मतदानाचा, या शास्त्रावाचून आज सरकारचे पान हलत नाही.

याच घरात १९ जुलै १९३८ रोजी जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म झाला. जन्मगाव कोल्हापूर, वाढ काशीची. त्यांच्या बालपणाची एक गोष्ट त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे, आणि आमच्या दृष्टीने ती सर्व पारितोषिकांहून मोलाची आहे. वडिलांनी मुलांसाठी घरातल्या भिंतीवर फळे बसवून दिले होते. सुमतीबाईंचे दुसरे बंधू मोरेश्वर, म्हणजे मुलांचे मोरूमामा, गणिताच्या अध्ययनासाठी काशीस बहिणीच्या घरी राहिले होते. ते त्या फळ्यावर जयंतासाठी म्हणून एक आव्हानाचे कोडे लिहून ठेवीत. उत्तर मुलाने काढीपर्यंत कोडे पुसले जात नसे. उत्तर सुचलेच नाही तर मामाच ते समजावून सांगत. मुलगा शाळेतून आला की गृहपाठाचा धाक नव्हता, शिकवणी नव्हती; भिंतीवर एक न सुटलेला प्रश्न मात्र वाट पाहत असे.

यातले मर्म ध्यानी घ्यावे. आपण मुलांना उत्तरे देतो. मुलाला उत्तर येत नसेल तर आपल्याला कमीपणा वाटतो, आणि आपण ताबडतोब कोणाला तरी फी देऊन ते उत्तर त्याच्या गळी उतरवितो. परंतु संशोधकाचे सारे आयुष्य न सुटलेल्या प्रश्नाच्या संगतीत जायचे असते. एक प्रश्न आठ दिवस सुटत नाही आणि तरी जेवण गोड लागते, झोप लागते, उद्या पुन्हा त्याच्यापुढे बसावेसे वाटते, ही सवय लहानपणी लागली तरच पुढे उपयोगी पडते. त्या घराने ती लावली. त्यास खर्च काय आला? एक फळा आणि थोडा खडू.

जयंतराव १९५७ साली काशी हिंदू विश्वविद्यालयातून बी.एस्सी. झाले आणि जे. एन. टाटा एन्डाउमेंटच्या साहाय्याने केंब्रिजला फिट्झविल्यम हाउसमध्ये दाखल झाले. जमशेटजी टाटांनी १८९२ साली स्थापन केलेला हा निधी परदेशी शिक्षणासाठी विद्यार्थ्यांस कर्जाऊ साहाय्य देतो. जयंतराव १९५९ साली रँग्लर झाले आणि १९६० साली ज्योतिर्विद्येतील प्रावीण्याचे टायसन पदक त्यांना मिळाले. येथपर्यंतची शिडी परीक्षांची होती. तिच्या पायऱ्या ठरलेल्या असतात आणि हुशार मुलगा त्या चढतो. १९६० साली ते फ्रेड हॉइल यांचे संशोधक-विद्यार्थी झाले, आणि तेथे शिडी संपली. पुढे पाठ्यपुस्तक नाही, प्रश्नपत्रिका नाही, आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही. मार्गदर्शकालाही ते माहीत नसते. गुणवत्ता यादीत आलेली कित्येक मुले या ठिकाणी गोंधळतात. त्यांची बुद्धी कमी पडते असे नव्हे. आता कोणी गुण देत नाही, हे त्यांना सहन होत नाही.

त्यांनी कोणते प्रश्न हाती घेतले? पहिला असा. अवघे विश्व फिरत असेल तर त्याचे गणित कसे मांडावे, आणि तसे मांडले असता विश्वाच्या प्रारंभीचा तो चमत्कारिक क्षण, जेथे सारे सूत्र अनंतात जाऊन कोलमडते, तो टळतो काय? या विषयावरील त्यांचा निबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. दुसरा प्रश्न त्यांच्या गुरूंच्या प्रसिद्ध सिद्धान्ताचा. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली असे प्रतिपादन केले होते की, विश्व प्रसरण पावत असले तरी त्यास आदि नाही. दीर्घिका दूर जातात तसे नवे द्रव्य निर्माण होते आणि विश्वाची घनता स्थिर राहते. ‘शून्यातून द्रव्य कसे?’ हा आक्षेप त्यावर रास्तच होता. त्यासाठी हॉइल आणि नारळीकर यांनी ऋण ऊर्जेचे एक क्षेत्र गणितात आणले आणि ऊर्जेचा जमाखर्च न मोडता द्रव्यनिर्मिती कशी मांडता येईल, ते दाखविले.

याच काळात त्या तरुण विद्यार्थ्याची खरी कसोटी लागली. केंब्रिजचेच मार्टिन राइल हे रेडिओ-ज्योतिर्विद आकाशातील रेडिओ-स्रोतांची गणना करीत होते. हा युक्तिवाद सोपा आहे. एका विस्तीर्ण माळावर नव्हे, तर सर्व दिशांच्या अवकाशात सारख्या तेजाचे दिवे सारख्या दाटीने टांगले आहेत अशी कल्पना करा. चौपट मंद दिवा दिसू लागला तर आपली दृष्टी दुप्पट अंतरावर पोहोचली. अंतर दुप्पट झाले म्हणजे घनफळ आठपट. म्हणून दिवेही आठपट मोजले गेले पाहिजेत. प्रसरण पावणाऱ्या स्थिर-स्थिती विश्वात तर आठपटीहून थोडे कमीच. राइल यांची गणना आठपटीहून अधिक भरत होती. म्हणजे दूरच्या, पर्यायाने प्राचीन काळच्या विश्वात स्रोत अधिक दाट होते आणि विश्व बदलत आलेले आहे. १९६१ च्या प्रारंभी राइल यांनी हा निष्कर्ष गाजावाजाने जाहीर केला. त्यास उत्तर म्हणून हॉइल व नारळीकर यांनी असे मांडले की, स्रोत सारखे पसरलेले नसून त्यांचे मोठमोठे पुंजके असतील आणि आपण एखाद्या विरळ भागात असू, तर जवळचे दिवे कमी भरतील आणि गणना तशीच दिसेल. हे उत्तर त्याच फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे मांडण्याचे काम हॉइल यांनी आपल्या विद्यार्थ्यावर सोपविले. संशोधनास लागून वर्षही न झालेला बावीस वर्षांचा मुलगा विख्यात शास्त्रज्ञांच्या सभेत राइल यांच्या निष्कर्षाविरुद्ध उभा राहिला आणि आपले गणित सांगून खाली बसला. १९६२ साली त्यांना स्मिथ पारितोषिक आणि १९६३ साली पीएच.डी. मिळाली. १९६४ साली गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला, आणि १९६५ साली, सत्ताविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

आता पुढची गोष्ट. ती सांगितली नाही तर आम्ही श्रोत्यांची वंचना केली असे होईल. या वादात कालांतराने बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल दुसऱ्या बाजूस गेला. १९६५ साली पेंझियस आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांतून येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि महास्फोटाच्या सिद्धान्तास बळकटी आली. नारळीकर मात्र अखेरपर्यंत आपले आक्षेप आणि पर्याय मांडीत राहिले. १९९३ साली हॉइल व बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारलेला सिद्धान्तही पुढे ठेवला. मग त्यांचे श्रम वाया गेले काय? आमचे म्हणणे असे की, नाही. बळकट प्रतिपक्ष नसेल तर सिद्धान्ताची परीक्षाच होत नाही. राइल यांना आपली गणना पुनःपुन्हा तपासून घ्यावी लागली ती या प्रतिपक्षामुळे. आणि दीर्घिकांचे प्रचंड पुंजके व त्यांमधील विराट पोकळ्या पुढच्या दशकांत ज्योतिर्विदांना प्रत्यक्ष आढळल्या. ज्या क्षेत्रात निकाल हाच सर्वस्व मानला जात नाही आणि प्रामाणिक विरोधकालाही सन्मानाचे आसन मिळते, अशी क्षेत्रे जगात थोडी आहेत; संशोधन हे त्यांपैकी एक. जयंतराव १९७२ साली मायदेशी परतले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले, १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही संस्था उभारली, मराठीत विज्ञानकथा लिहिल्या आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले.

मंडळातील दुसरा प्रश्न मुलीच्या लग्नाचा होता. त्याचे उत्तरही याच घरात आहे. मंगला राजवाडे या मुंबईच्या. त्या १९६४ साली मुंबई विद्यापीठाच्या गणितातील एम.ए. परीक्षेत पहिल्या आल्या आणि कुलपतींचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले. टाटा संस्थेत संशोधनास प्रारंभ केला, तोच जयंतरावांशी विवाह होऊन त्या केंब्रिजला गेल्या. पुढे तीन मुली झाल्या. सासूसासऱ्यांचे, आल्यागेल्याचे सारे त्यांनी केले. भारतात परतल्यावर त्यांनी संशोधन पुन्हा हाती घेतले आणि १९८१ साली, विवाहानंतर सुमारे दीड दशकाने, अंकशास्त्रात मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली. त्यांचे काम चाळणीच्या रीतीविषयी होते. शाळेत आपण एक ते शंभर आकडे लिहून दोनाचे, तिनाचे, पाचाचे गुणक खोडीत जातो आणि मूळ संख्या उरतात, ती ही चाळणी. आकडे शंभर नसून अफाट असतील आणि चाळणीची भोके निराळी असतील, तर वर किती उरेल आणि ते कसे विखुरलेले असेल, हे सांगण्यास मोठे सूक्ष्म गणित लागते. मंगलाताईंनी पुढे कित्येकांना गणित शिकविले, मुलांसाठी ‘गणितगप्पा’ लिहिल्या आणि १७ जुलै २०२३ रोजी त्या कालवश झाल्या. मधली वर्षे गेली ती फुकट गेली असे कोणी म्हणू नये. परंतु ती वर्षे त्यांच्या संशोधनाच्या वाटणीतून गेली, पतीच्या नव्हे, हेही विसरू नये. घराने मनावर घेतले तर लग्न आणि गणित यांचे वैर नाही. घराने मनावर घेतले नाही तर मात्र सुवर्णपदकसुद्धा कपाटात बंद होते.

“या सगळ्याचा उपयोग काय?” असेही विचारले जाते. एकाच उत्तरावर थांबतो. सापेक्षतावाद हा शंभर वर्षांपूर्वी निव्वळ बुद्धीचा विलास समजला जाई. आज मोटारीत बसून मोबाईलवर रस्ता पाहता, तो ज्या उपग्रहांच्या घड्याळांवरून कळतो, ती घड्याळे सापेक्षतावादानुसार जमिनीवरील घड्याळांच्या मानाने दिवसाकाठी सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात स्थानात काही किलोमीटरांची चूक पडेल. मूळ संख्यांचा अभ्यास तर त्याहून निरुपयोगी मानला जात असे. १९७७ सालापासून त्याच संख्यांच्या आधारे गुप्त संदेशांची कुलुपे तयार होऊ लागली. तथापि उपयोग दिसला म्हणून गणित मोठे, असे आम्ही म्हणत नाही. उपयोग केव्हा दिसेल हे कोणासच आधी सांगता येत नाही, म्हणून त्याच्या नावाने दार लावून घेऊ नये, इतकेच आमचे म्हणणे.

आता व्यवहाराचे चार शब्द. पूर्वी कोल्हापूरच्या मुलास संशोधनासाठी काशी वा केंब्रिज गाठावे लागे. येथे १८८० साली राजाराम कॉलेज झाले आणि १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ झाले, आज पीएच.डी. घरी राहूनही करता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे या अभ्यासास किमान तीन व साधारणतः कमाल सहा वर्षे मिळतात. स्त्रियांस आणखी दोन वर्षांची सवलत आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा देता येते. जे विद्यार्थी राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवितात, त्यांना १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये असा दर लागू झाला. म्हणजे संशोधन करणारी मुलगी ही घरावर भार असतेच असे नाही. अडचण असते ती एम.एस्सी. आणि अधिछात्रवृत्ती यांच्या मधल्या एक-दोन वर्षांची. पुस्तके, प्रवास, परीक्षेची तयारी, आणि “अजून नोकरी नाही?” असे विचारणारे नातेवाईक, ही सारी त्या दोन वर्षांत एकदम भेटतात. याच जागी मुले वाट सोडतात. आपल्यासारख्या संस्थेचा लहानसा फंड जर कोठे खरोखर कामास येत असेल, तर तो येथे.

ज्ञातिसंस्थांनी विद्यार्थ्यांस हात देण्याची परंपरा तर या नगरीत नवी नव्हेच. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान आणि इतर अनेक समाजांची वसतिगृहे राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने उभी राहिली. महाराजांनी विद्यार्थ्यांना निवारा दिला; त्यांनी तेथे राहून कोणता विषय शिकावा असा जाब विचारला नाही. आणखी मागे जावयाचे तर चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ सालचा शिलालेख पाहावा. सिद्धान्तशिरोमणीकार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून तेथे मठ स्थापिला, आणि निकुंभवंशीय सोइदेव राजाने त्यास दान दिले, असे तो लेख सांगतो. आठशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात गणिताच्या अध्ययनासाठी नेमणूक करून दिली जात होती आणि ती दगडावर कोरून ठेवण्याइतकी अभिमानाची गोष्ट मानली जात होती.

तेव्हा आमची मंडळास विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, शिष्यवृत्तीच्या नियमांतील ‘उपयुक्त अभ्यासक्रम’ हे दोन शब्द काढून त्या जागी ‘कोणतीही विद्याशाखा’ असे शब्द घालावेत. दुसरी, एम.एस्सी. झाल्यावर संशोधनाच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी दोन वर्षांची एक स्वतंत्र वृत्ती ठेवावी. रक्कम थोडी असली तरी चालेल, पण ती वेळेवर मिळावी. तिसरी, या कामी मुलगा-मुलगी आणि लग्न झालेली-न झालेली असा भेद कागदावर वा मनात ठेवू नये. यंदाच्या त्या अर्जावर निर्णय मंडळाने करावयाचा आहे. तो गुणांवर व्हावा, विषयावर होऊ नये, इतकेच आम्ही म्हणतो.

आणि सभासद कुटुंबांस एक मागणे आहे, त्यास फंडाची जरुरी नाही. घरात एका भिंतीवर फळा लावा. त्यावर आठवड्याला एक कोडे लिहा. तुम्हांला येत नसेल तर ज्याला येते त्याला चहाला बोलावून लिहून घ्या. मूल चुकले तर रागावू नका, उत्तर लवकर सांगू नका, आणि शेजाऱ्याच्या मुलाने ते सोडविले हे तर मुळीच सांगू नका. त्यातून प्रत्येक घरी नारळीकर वा हुजूरबाजार निपजतील असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या मुलाला न सुटलेल्या प्रश्नाची भीती वाटत नाही, ते मूल कोणत्याही व्यवसायात गेले तरी त्याचे आईबाप निर्धास्त झोपतील.